बेणं खायला घालू नकोस

सांगलीहून एकाचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात देते:

"ताई, माझं वय २३. माझ्याकडे चार महिन्यांचा बिअर्डेड ड्रॅगन आहे, म्हणजे पाळीव सरडा, सर्जा नाव. दिवाळीत ऑनलाइन ५० डुबिया मागवले, त्याला खायला घालायची पाळीव झुरळं, म्हटलं घरीच वाढवू, सारखं विकत घेणं परवडत नाही. लहान-मोठे मिक्स असं सांगितलेलं पण आले सगळे बारीकच. जिन्याखाली डब्यात ठेवलेत, मांजराचं खाणं आणि ओला स्पंज देतो. आता संक्रांत झाली तरी एक पिल्लू नाही, उलट सर्जाला घालून घालून २२ उरलेत आणि डब्याला वास मारतोय. आई म्हणते लोक झुरळं मारायला पैसे देतात आणि हा विकत आणतो. आजीला दमा आहे, ती हल्ली जास्त खोकते पण थंडीचं असेल. परसात एक खोली आहे पण तिथं बाबांचं फवारणीचं सामान असतं. माझं काय चुकतंय? आणि तोवर घरातली झुरळं पकडून घातली तर चालतील का?"

अरे, आधी आजीचं बघू, कारण बाकी सगळं नंतर निस्तरता येतं, हे नाही.

झुरळांची विष्ठा, त्यांनी टाकलेली कात आणि लाळ, या तिन्हीत असे घटक असतात की ज्यांनी दम्याच्या माणसाला ॲटॅक येऊ शकतो, आणि हे फक्त मोरीतल्या झुरळांचं नाही, डुबिया कितीही स्वच्छ ठेवलेस तरी तेच. डब्याच्या तळाशी जी काळी भुकटी साठते ना ती वाळली की हवेत उडते, आणि तुझा डबा जिन्याखाली म्हणजे घराच्या अगदी मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत. आजीचा खोकला थंडीचाच असेल कदाचित, पण त्या 'कदाचित'वर डबा घरात ठेवायचा नाही. आजच्या आज बाहेर काढ, उद्या नको. जिन्याखालची जागा ओल्या फडक्यानं पूस, झाडू मारू नकोस, झाडूनं धूळ उडते. आणि आजीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांग की घरात झुरळं पाळलेली होती, लाजू नकोस, त्यांना कळलं तरच ते नीट बघतील.

आणि तुझी आई चुकीचं बोलत नाहीये. तिच्या घरात तिला न विचारता झुरळं आली, तिनं चिडायचं नाही तर काय करायचं.

आता परसातली खोली. जागा म्हणून ती उत्तम आहे पण फवारणीचं सामान आणि डुबिया एका खोलीत राहूच शकत नाहीत. नुसता पंप ठेवलेला असला तरी त्याचा अंश हवेत, भिंतीला, फडक्याला असतो, आणि ही औषधं बनवलेलीच किड्यांसाठी आहेत. माझा पहिला डबा असाच गेला, साताऱ्यात मी तेव्हा अपार्टमेंटमध्ये राहायचे आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये पेस्ट कंट्रोल झालं, मला कोणी सांगितलं नाही, दोन दिवसांत आठ महिन्यांची मेहनत उताणी पडलेली. त्याहून वाईट म्हणजे मरायला टेकलेले किडे मी न कळता माझ्या गेकोला, म्हणजे पाळीव पालीला, घातले असते तर काय झालं असतं, तो विचार अजून येतो. तेव्हा बाबांशी बोल, औषधं दुसरीकडे कुलपात हलवता येत असतील तर खोली आधी साबणाच्या पाण्यानं दोनदा धुऊन घे, दारंखिडक्या उघड्या ठेवून आठपंधरा दिवस वारं खेळू दे आणि मग वापर. हलवता येत नसतील तर तो विषय सोड आणि दुसरी जागा शोध, मित्राची, मामाची. गच्चीवरची पत्र्याची खोली मात्र नको, सांगलीत एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस असतं तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल तुला माहितीये.

आणि जागाच नाही मिळाली तर? तर वसाहत करू नकोस, थोडे थोडे विकत आणून घाल. महाग पडेल पण आजीच्या श्वासापेक्षा महाग नाही.

जागा मिळाली असं धरून पुढे बोलते.

तुझी मुख्य चूक कुठली सांगू? तू सांगलीचा आहेस, तुला उसातलं सांगते. बेण्यासाठी राखलेला ऊस कुणी कारखान्याला घालवतं का? कितीही नड असली तरी बेण्याचा प्लॉट वेगळा राखतात, कारण तो गेला की पुढचं पीकच गेलं. तू दिवाळीपासून बेणंच सर्जाला घालतोयस. ५० मधले २८ गेले आणि उरलेत ते अजून लहान आहेत, म्हणजे पिल्लं देणारं त्या डब्यात कोणी नव्हतंच कधी. डुबिया जन्मल्यापासून मोठा व्हायला चांगल्या उबेत चार ते सहा महिने घेतो, थंडीत तर त्याहून जास्त. तुझे बारीक होते, त्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जिन्याखालच्या गार फरशीवर ते नुसते जिवंत राहिले, वाढले नाहीत. त्यांचा दोष नाही.

म्हणून दोन डबे कर. एक बेण्याचा, एक खायचा. बेण्याच्या डब्यातून पहिले सहा महिने काहीही, म्हणजे एकसुद्धा, काढायचं नाही. सर्जा काचेला नाक लावून बसला तरी नाही. त्याचं खाणं वेगळं विकत आण, बारीक डुबिया, रातकिडे, अधूनमधून मीलवर्मच्या अळ्या, ते खायच्या डब्यात. आता हे सहा महिने दुहेरी खर्च होणार आहे, तो आधीच हिशोबात धर, नाहीतर पुन्हा हात बेण्याकडे जाणार.

हिशोब पण करून बघ एकदा. मादी एका वेळी साधारण २० ते ३० पिल्लं देते, अंडी बाहेर टाकत नाही, पोटातच उबवते आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात, ज्वारीच्या दाण्याएवढी. ऊब नीट असेल तर दोनेक महिन्यांनी परत. सर्जा आत्ता दिवसाला २५ बारीक किडे खातो धरलं तर महिन्याला ७५० झाले, त्याला ६० माद्या लागतील. ऐकून घाबरू नकोस, कारण बिअर्डी लहानपणी किडे जास्त खातो आणि मोठा झाला की पाला जास्त आणि किडे कमी. तुझी वसाहत उभी राहीपर्यंत तो जवळजवळ मोठा झालेला असेल, तेव्हा त्याला आठवड्यातून काही वेळा आठ-दहा मोठे किडे पुरतील. म्हणजे २५ माद्या तुला बास, महिन्याला सरासरी तीनशे पिल्लं झाली, त्यातली अर्धी वाढायला ठेवलीस तरी उरतात. त्यामुळे आत्ताच्या भुकेच्या मागे धावत १५० किडे मागवू नकोस.

यावेळी मागवताना 'मिक्स' घेऊ नकोस, सरळ मोठे मागव, २५ माद्या आणि ७-८ नर. ओळखायचं कसं तर नराला पाठभर लांब पंख असतात, मादीला नुसते खुंटासारखे तुकडे. फोटो आणि व्हिडिओ मागून मगच पैसे दे. प्रवासात माद्या घाबरून पोटातली अंड्यांची पिवळसर पिशवी टाकून देतात कधीकधी, तसं दिसलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, महिनाभर डब्याला हात न लावता राहू दे, परत धरतात. तुझे ते २२ पण त्यातच सोड, उन्हाळ्यात तेही कामाला येतील. परदेशातून मागवायच्या भानगडीत मात्र पडू नकोस, जिवंत किडे देशात आणायला प्लांट क्वारंटाइनची परवानगी लागते, इथल्याच एखाद्या पाळणाऱ्याकडून घे.

आणि कोणी 'रेड रनर' स्वस्तात देतो म्हणाला तर नाही म्हण. ते तांबूस, अंगानं सडपातळ आणि भयंकर चपळ असतात, अंड्यांच्या डब्या इकडेतिकडे टाकतात, एक डबी केरातून निसटली तरी आपल्या हवेत ते घर करू शकतात. डुबिया मूळचा दक्षिण अमेरिकेतला, हळू चालतो, गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, मादीला तर उडताच येत नाही. याच कारणासाठी आपण डुबिया घेतो. तरी एक नियम पाळ, नको झालेले डुबिया कधीही परसात, गटारात किंवा नदीकाठी सोडायचे नाहीत. बाहेरचा प्राणी इथल्या मातीत सोडायचा आपल्याला काही अधिकार नाही. जास्त झाले तर दुसऱ्या पाळणाऱ्याला दे, नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डीप फ्रीजरमध्ये एक-दोन दिवस ठेव. आईच्या फ्रीजमध्ये तिला विचारूनच.

डबा ५०-६० लिटरचा, गडद रंगाचा, आतून गुळगुळीत. झाकणाला मोठा चौकोन कापून स्टीलची बारीक जाळी ग्लू गननं चिकटव, नायलॉनची नको, ती उंदीर कुरतडतो. आत अंड्यांचे कागदी ट्रे, पण उभे लाव, आडवे नाही, म्हणजे घाण खाली पडते आणि किड्यांना चढायला-लपायला जागा होते. ट्रे कोरे आण, अंडीवाल्याकडचे वापरलेले फुकट मिळतात म्हणून आणू नकोस, त्यांना कोंबडीची घाण लागलेली असते आणि त्यातून साल्मोनेला येऊ शकतो, तो सर्जालाही आणि त्याला हाताळून तसाच जेवायला बसलास तर तुलाही. खाली माती, भुसा काही घालायचं नाही.

मुंग्यांसाठी तुला शिकवायला नको, पेढ्याचा डबा आपण परातीत पाणी घालून मधे ठेवतो ना, तसंच टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव, पाण्यात साबणाचा थेंब टाक. खडू, पावडर, स्प्रे, काही नाही. मच्छर अगरबत्ती आणि लिक्विडची मशीन पण त्या खोलीत नको.

ऊब हा खरा मुद्दा आहे. २८ ते ३२ डिग्रीत ते मजेत पिल्लं देतात, २०-२१ च्या खाली गेलं की जगतात पण वीण थांबते, आणि ३५ च्या वर त्यांना त्रास सुरू होतो. म्हणजे सांगलीत फेब्रुवारीच्या शेवटापासून तुला काही करायला लागणार नाही, उलट मेमध्ये डबा खोलीतल्या सगळ्यात गार कोपऱ्यात हलव आणि भिंतीवर ओलं पोतं टाक. पण थंडीत हीट मॅट लागेलच, ती डब्याच्या एका बाजूला बाहेरून लाव, खाली नको, आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या उबेला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, अजिबात नको. कागदी ट्रे, कोरडी खोली आणि रात्रभर चालू राहिलेली मॅट, यातून आग लागू शकते, इथं पैसे वाचवू नकोस. लाईट गेली तर जुनी गोधडी गुंडाळ, जाळी मोकळी ठेवून. आत एक साधा डिजिटल थर्मामीटर टाक, हात लावून अंदाज घेऊ नकोस.

खाण्याचं तर मी सगळ्यांना सांगून सांगून थकले नाही अजून, कारण इथंच सर्जाची तब्येत ठरते. गाईला जे घालशील ते दुधात उतरतं, तसं डुबियाच्या पोटात जे आहे ते सर्जाच्या पोटात जाणार. मांजराचं खाणं बंद कर. त्यात प्रोटीन फार असतं, डुबिया ते युरिक ॲसिडच्या रूपात अंगात साठवतात, आणि असे किडे सतत खाऊन सरपटणाऱ्या प्राण्यांना गाऊट होऊ शकतो, सांधे सुजतात, किडनी जाते. त्याऐवजी गव्हाचा कोंडा, ओट्स, थोडं भाजलेल्या डाळ्याचं पीठ असं कोरडं मिश्रण एका ताटलीत कायम राहू दे. पोल्ट्री फीड घालणार असशील तर औषध मिसळलेलं नाही ना ते विचार, बऱ्याचशात असतं. ओलं म्हणून गाजर, लाल भोपळा, रताळं, संत्र्याची फोड, आणि शेवग्याचा पाला, आपल्याकडे दारोदारी आहे आणि कॅल्शियमला उत्तम. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

द्राक्षं घालू नकोस. तासगावकडून कोणीतरी क्रेट आणून देतंच या दिवसांत, मला कळतं, पण द्राक्षाच्या बागेवर किती फवारण्या होतात ते तुझ्या बाबांना विचार. माणूस एक घोस खाऊन निभावतो, बोटभर किडा नाही. बाजारातलं बाकीचं काही आणलंस तरी मीठ घातलेल्या पाण्यात तासभर ठेवून चोळून धू आणि जमेल ते सोलून घे.

याच कारणानं घरातली झुरळं नाही म्हणजे नाही. ती कुठल्या मोरीतून आली, शेजाऱ्यानं कुठला स्प्रे मारला, त्यांच्यात कुठले जंत आहेत, काहीच माहीत नसतं. शेतातले नाकतोडे पण नकोत, त्यांच्यावरही फवारणी झालेलीच असते.

ओला स्पंज काढून टाक, वास त्याचाच आहे बहुतेक, त्यात बुरशी आणि जंतू वाढतात. पाणी भाजीतून मिळतं, वाटलं तर पाण्याचे जेलवाले क्रिस्टल मिळतात ते ठेव, उघडी वाटी ठेवलीस तर पिल्लं बुडतात. ओली भाजी दुसऱ्या दिवशी उचललीच पाहिजे, पावसाळ्यात तर संध्याकाळीच, साताऱ्यात आमच्याकडे जुलैमध्ये भिंतीला बुरशी येते तर डब्यात किती लवकर येईल बघ. मेलेले किडे दिसले की लगेच काढ. निरोगी वसाहतीला वास जवळजवळ येतच नाही, मातकट असा थोडा येतो, घाण वास आला म्हणजे काहीतरी सडतंय. पांढरा फट्ट किडा दिसला तर मात्र घाबरू नकोस, त्यानं नुकतीच कात टाकलीये, काही तासांत रंग येतो.

तळाची भुकटी रोज साफ करायची नाही, बारीक पिल्लं त्यातच असतात. दोन-अडीच महिन्यांनी एकदा बाहेर अंगणात, वारा पाठीवर घेऊन, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून चाळणीनं चाळ, भुकटी खाली पडते पिल्लं वर राहतात. चाळण वेगळी घे, स्वयंपाकघरातली उचलू नकोस. भुकटी झाडांना घालता येते, पण आजी बसते त्या बाजूच्या कुंड्यांना नको. काम झालं की कपडे बदलून, हातपाय धुऊनच घरात जा. हे मास्कचं मी पहिली दोन वर्षं मनावर घेतलं नव्हतं, मग मनगटावर पित्तासारख्या गांधी उठायला लागल्या आणि ट्रे उचलला की शिंकांवर शिंका. ॲलर्जी पाळणाऱ्यालाही होते आणि एकदा झाली की सहसा जात नाही, मी आता दर वेळी मास्क लावते.

सर्जाला घालायच्या आधी खायच्या डब्यातले किडे एक-दोन दिवस नुसतं गाजर, भोपळा, शेवगा असं भरपूर खाऊ घाल आणि मग कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून दे. किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, नुसते किडे खाऊन वाढलेल्या बिअर्डीची हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, मी असं एक पिल्लू हातात घेतलंय, त्याला चालता येत नव्हतं. पावडर फॉस्फरस नसलेली बघून घे. आणि यूव्हीबीचा दिवा, उन्हातले अतिनील किरण देणारा, आहे ना त्याच्याकडे? पत्रात लिहिलं नाहीस म्हणून विचारते. नसेल तर डुबियाच्या आधी तो आण. किडा सर्जाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, अडकतो.

एक कायद्याचं. बिअर्डी ऑस्ट्रेलियातला आहे आणि बाजारात मिळतात ते पाळीव जोड्यांचे असतात, पण हा नाद लागला की पुढं कोणीतरी 'घोरपडीचं पिल्लू आहे, स्टार कासव आहे, हिरवा शॅमेलिऑन आहे' म्हणून येतंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हे पाळणं गुन्हा आहे. शिराळ्याच्या नागपंचमीला जिवंत नाग पकडण्यावर कोर्टानं बंदी आणली, ते तुमच्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. असं कोणी आलं तर वनविभागाला कळव.

आणि तुमचं घर नदीच्या बाजूला असेल तर डबा खाली फरशीवर ठेवू नकोस. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते तू बघितलंयस. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चढायला लागली की माणसं आणि जनावरं आधी, पण डबा आधीच उंच फळीवर असेल तर त्या गडबडीत त्याची काळजी करावी लागत नाही, आणि शेकडो किडे पुराच्या पाण्यात सुटत पण नाहीत.

या रविवारी बाबांबरोबर ती खोली रिकामी करायला लाग, आणि सामान उचलायच्या आधी आईला बसवून सगळं सांग, डबा कुठं असणार, कपडे कुठं बदलणार, चाळण कुठली. तिनं नाही म्हटलं तर मला परत लिही, आपण विकत घेऊन भागवायचा हिशोब करू. हो म्हणाली तर मोठे डुबिया थंडी ओसरल्यावरच मागव, फेब्रुवारीच्या शेवटी, म्हणजे वाटेत गारठणार नाहीत. आजीचा खोकला डबा बाहेर गेल्यावर कमी झाला का तेही कळव, त्याची मी वाट बघतेय.

— ताई, सातारा